हिरव्या अक्षरांतली यादी

बाबा मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्याच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवायचे आणि क्रमिक पुस्तकांचा विषय निघाला की त्यांचं डोकं फिरायचं. मराठी पुस्तकं आमच्यापर्यंत पोचता पोचता पावसाळा सरायचा. आली तरी त्यांत धडे समुद्राचे, गलबतांचे, फणसाच्या गऱ्यांचे. सावरगावहून जाम नदी ओलांडून शाळेत येणाऱ्या पोराला गलबत काय कळणार? शेवटी एका उन्हाळ्यात बाबांनी स्वतःच धडे लिहायला घेतले. संत्र्याचं कलम, पऱ्हाटीची म्हणजे कापसाची वेचणी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची दगडफेकीची गोटमार, मोहगावचा बाजार, तिगावच्या स्टेशनावर उगाच ताटकळणारी पॅसेंजर. दोन वर्षांत वीसेक धडे झाले.

माझा थोरला भाऊ तेव्हा नागपूरच्या एका छापखान्यात होता. तिथे नुकताच कॉम्प्युटर आला होता, आणि मराठी अक्षरं उमटावीत म्हणून त्यात एक वेगळं कार्ड बसवलेलं होतं. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आमच्याकडे कॉम्प्युटर हा शब्द लोक अजून जरा दबकत उच्चारायचे. दादा रविवारी छापखान्यात जाऊन बाबांचे धडे त्यावर टाइप करायचा आणि फ्लॉपीवर उतरवून घ्यायचा. पुस्तक छापायचं, आणि आपल्या पैशाने छापायचं, असं बापलेकांचं ठरलं होतं. इतर बाबतींत त्या दोघांचं फारसं पटायचं नाही. या एका कामात पटलं.

बाबांची एक सवय होती. पाठकोरा कागद ते कधी फेकत नसत. वर्गातल्या पोरांना वह्या परवडायच्या नाहीत, म्हणून असे कागद ते गणितं सोडवायला वाटून टाकायचे. धडा फ्लॉपीवर चढला की त्याचे हातचे कागद दादा परत आणून द्यायचा, आणि ते दुसऱ्या दिवशी वर्गात जायचे. एका बाजूला तिगावची पॅसेंजर, दुसऱ्या बाजूला भागाकार. आई म्हणायची, "थोडे दिस राहू द्या ना घरात. काय खाऊन राहिले ते तुमाले?"

"आता सारं त्या मशिनीत आहे. दोनदा कायले ठेवायचं?" बाबा म्हणायचे.

त्या धड्यांतला एक मात्र दादानेही पाहिला नव्हता. तो बाबांनी बंद पाकिटात पाठवला आणि सोबत निरोप दिला, "हा तू नोको करू. छापखान्यातल्या दुसऱ्या कोणाले दे." तो धडा आईवर होता. बाबांचा स्वभाव असा की बायकोला चारचौघांत हाक मारायलाही त्यांना संकोच वाटायचा, मग लेकाच्या नजरेखालून तिच्यावरचं लिखाण कसं जाऊ देणार? एकदा जेवताना मात्र ते बोलून गेले, "त्यात एक धडा तुह्यावर आहे."

"माह्यावर कायचा धडा? मी का ताजमहाल हो?" आई भाकरी थापत म्हणाली.

"पुस्तक येईन तवा वाच."

आई चौथी शिकलेली. त्या दिवसापासून तिने पुस्तक कधी येणार हे विचारायचं सोडलं नाही. भाजी चिरतानाही विचारायची, वर सहज विचारते आहे असं दाखवायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं.

त्याच हंगामात आमच्या गावातल्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला. तिथला बाबू बाबांचा जुना विद्यार्थी. त्या यंत्रात मराठीचं कार्ड नव्हतं, त्यामुळे धडा उघडला तर पडद्यावर किडेमुंग्या दिसायच्या. फ्लॉपीवर काय काय आहे त्याची यादी मात्र नीट यायची, कारण नावं इंग्रजी अक्षरांतच द्यावी लागायची, तीही आठ अक्षरांपुरती. बाबांच्या लांबलचक मथळ्यांचं दादाने संत्रा, कापूस, बाजार, तिगाव असं करून टाकलं होतं. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत ती नावं एकाखाली एक आली की बाबा खूश. सुट्टीला दादा आला की त्याच्याकडून फ्लॉपी मागून घेत, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यांत ती बांधत आणि सायकल जिनिंगकडे वळवत.

एकदा सौंसरहून मामा आला होता. बाबांना हुक्की आली, आणि मामाला, आईला, मला घेऊन ते जिनिंगमध्ये निघाले. दादा घरी झोपला होता. बाबू कापसाच्या गाड्यांची नोंद करत होता. गुरुजी सहकुटुंब आलेले पाहून तो गडबडला. "या ना गुरुजी, बसा," म्हणत त्याने आपली फ्लॉपी घाईघाईने काढली, आमची घातली, आणि मग आपलं अर्धं राहिलेलं काम बंद केलं. यंत्रावरचा लाल दिवा बराच वेळ लागून राहिला. आम्ही खुर्च्यांवर बसून तो दिवा बघत होतो.

मग यादी आली. सगळी नावं जागच्या जागी. बाबांनी खिशातली पेन्सिल काढून शेवटच्या ओळीवर टेकवली आणि मामाकडे बघत म्हणाले, "हा हिच्यावरचा." तिथे इंग्रजीत आई असं लिहिलं होतं. आईने तोंड पडद्याच्या अगदी जवळ नेलं. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ती बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिली.

"अन् ह्या बाजूचे आकडे कायचे?" मामाने विचारलं.

"त्यावरून कळते धडा केवढा आहे ते," बाबू म्हणाला. नंतर त्याने चहा मागवला आणि बाबांना ती यादी कडेला भोकं असलेल्या लांब कागदावर छापून दिली. बाबांनी घडी घालून ती सदऱ्याच्या खिशात ठेवली. परत येताना आई रस्ताभर मामाशी एकदम मोठ्या आवाजात बोलत होती. इतक्या खुशीत मी तिला फार वेळा पाहिलेली नाही.

दादा फ्लॉपी घेऊन नागपूरला गेला. तिथे त्याने तिची नक्कल करून घेतली, दोन्ही याद्या ताडून पाहिल्या, नावं जुळली. छापखान्याच्या यंत्रात जागा कमी पडत होती, म्हणून मालकाने आत ठेवलेले धडे पुसायला सांगितले. दादाने पुन्हा एकदा यादी बघितली आणि पुसले. तो कामात चोख होता, हे मला इथे मुद्दाम सांगायचं आहे.

छपाई ठरली तेव्हा त्याने पहिला धडा उघडला. संत्र्याच्या नावाखाली आकडे होते. कापसाच्या गाड्या, वजनं, तारखा. पुढच्या धड्यांत थोडे आकडे, थोडा कचरा. आईच्या नावाखाली नुसता कचरा. यंत्र दुरुस्त करणाऱ्याने नंतर त्याला समजावलं: काम बंद करायच्या आधी फ्लॉपी बदलली तर यंत्राला ते कळत नाही. आत आपलीच फ्लॉपी आहे असं समजून त्याने बाबूचं उरलेलं काम आमच्या फ्लॉपीवर लिहून टाकलं होतं. यादीला तेवढा धक्का लागला नव्हता. यादी म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं हे ती बघत नाही. आम्ही खुर्च्यांवर बसून ज्या लाल दिव्याकडे बघत होतो, त्या तेवढ्या वेळात बाबांची दोन वर्षं गेली होती.

दादा पॅसेंजरने घरी आला आणि चप्पल न काढता दारातच बोलला. बाबांना आधी ते कळलंच नाही. त्यांनी खिशातून यादी काढली. "पण नावं तर आहेत ना?"

"नावं आहेत, बाबा."

"मंग?"

दादा चप्पल काढायला खाली वाकला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने स्टोव्हला जोरजोरात हवा भरायला सुरुवात केली.

बाबा पोरांच्या घरी गेले. सावरगावात, टेकडीपलीकडच्या वस्तीत, जिथून जिथून पोरं यायची तिथे. पाठकोरे कागद कोण जपून ठेवतो? ते चुलीत गेले होते, त्यांचे पतंग झाले होते, त्यांत बोरं बांधून गेली होती. मिळाले ते थोडे, तेही मधलेच. आईच्या धड्याचे कागद तर घरी आलेच नव्हते. ते छापखान्याच्या रद्दीत गेले, आणि ज्याने तो टाइप केला तो काम सोडून कुठल्या कुठे निघून गेला होता.

त्या पावसाळ्यात बाबा पुन्हा लिहायला बसले. चार ओळी लिहायचे आणि खोडायचे. "तवा ते आपोआप आलं होतं. आता ओढून आणून राहिलो," ते एकदा मला म्हणाले, आणि त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. बाबूला त्यांनी शब्दानेही दुखवलं नाही. दादालाही नाही. दादाचं म्हणणं असं की एकदा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो आधी नागपुरात, मग पुण्यात रमला आणि घरी येणं कमी कमी होत गेलं. दोघांमधलं ते एकच पटणारं काम गेलं होतं. मला अजूनही वाईट वाटतं ते पुस्तकापेक्षा याचं जास्त.

आईने बाबांना त्या धड्याबद्दल कधीच विचारलं नाही. तिलाही संकोच आणि त्यांनाही. इतकी वर्षं एका घरात राहून माणसं एकमेकांना एवढं साधं विचारू शकत नाहीत, याचा मला राग येतो. विचारायला हवं होतं तिने. त्यांनीही आपणहून सांगायला हवं होतं.

बाबा गेले, तेराव्याचे पाहुणे पांगले, आणि दादा त्यांचे कपडे आवरत होता. एका सदऱ्याच्या खिशात ती यादी मिळाली. घड्यांवर विरलेली, पण अक्षरं शाबूत. आई त्याच्याजवळ येऊन बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने विचारलं.

"माह्यावरच्या धड्यात काय लिहिलं होतं रे त्यायनं?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. मला काय ठाऊक असणार? त्याने यादी गुडघ्यावर पसरली आणि त्याचं बोट एकेका ओळीवरून खाली येऊ लागलं. संत्रा, कापूस, बाजार, तिगाव. शेवटच्या ओळीवर ते थांबलं, मग बाजूच्या आकड्यावर गेलं. त्याने तो आकडा वरच्या सगळ्या आकड्यांशी ताडून पाहिला, आणि परत एकदा पाहिला.

"काय होतं ते मले माहीत नाही, आई," तो म्हणाला. "पण साऱ्यांत मोठा तोच होता."