अठरा हातांचं घर

रजिस्ट्रीच्या कागदात घराची लांबी अठरा हात लिहिली आहे. तो कागद अजून माझ्या पेटीत आहे आणि हाती आला की आजही माझं डोकं फिरतं.

आम्ही कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारे. घरात दोन माग, एक बाबांचा, एक मायचा. मायच्या मागावरून गाव थट्टा करायचं. बाईनं धागा गुंडाळून कांड्या भराव्यात, मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायला बसावं ते पुरुषानं, असा आमच्यातला शहाणपणा. माय बसायची आणि बाबांपेक्षा सरस विणायची. बाबाही हे कबूल करत, घरात तिसरं कुणी नसलं की.

भाड्याचं घर सोडायचं ठरलं तेव्हा तिची एकच अट होती, दोन्ही माग मावले पाहिजेत. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्यप्रदेशात होता. जवळच्या बाजारगावात एक दुकानदार आपलं मातीचं घर विकत होता. बाबा बघून आले. आत मोहफुलांची पोती आढ्यापर्यंत रचलेली, पलीकडची भिंत दिसतच नव्हती म्हणे. मायनं पेटीतून स्वतः विणलेलं लुगडं काढलं. नऊ वार, म्हणजे अठरा हात, बोटभर इकडे नाही की तिकडे नाही.

"पोती हटवाले लावा न् हे पसरून पाहा," ती म्हणाली.

बाबा उसळलेच. "बायकोचं लुगडं घेऊन जाऊ काय त्याच्या दारी? लोकं हासतीन मले. कागदात लिवून आहे ना!"

लाज वाटली त्यांना! चारचौघांत लुगडं पसरायची लाज वाटली आणि त्या लाजेपायी त्यांनी न मोजता सही ठोकली.

आम्ही राहायला गेलो त्या दिवशी घर रिकामं होतं. सामान सोडायच्या आधी मायनं लुगडं काढलं. एक टोक मी भिंतीशी दाबून धरलं, दुसरं घेऊन ती चालत गेली आणि समोरच्या भिंतीला लागली. तिच्या हातात लुगडं उरलंच होतं. मोजलं, पाच हात.

दुकानदार किल्ली द्यायला आला होता. तो जराही ओशाळला नाही. "घर वळचणीपासून वळचणीपर्यंत मोजतेत, बाई. इथी असाच रिवाज आहे."

म्हणजे छपराचं पाणी जिथे गळतं तिथपासून! भिंतींची जाडी घरात धरलेली, बाहेरचा चिखलही घरात धरलेला.

"मंग वळचणीखाली माग मांडू काय, भाऊ? पावसात कोसा विणू?"

त्यानं बाबांकडे बोट दाखवलं. "त्यायले वाचता येते ना? वाचूनच सही केली त्यायनं."

बाबा जमिनीकडे बघत उभे राहिले. दुकानदाराइतकाच मला त्यांचा राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

तेरा हातांत एकच माग बसला. कुणाचा, हे विचारायचीसुद्धा कुणाला गरज वाटली नाही. मायनं आपला माग स्वतःच सोडला, धागे ओवायची त्याची फणी पुसून फडक्यात बांधली, लाकडं माळ्यावर टाकली आणि बाबांच्या कांड्या भरायला बसली. वीसेक वर्षं ती तेच करत राहिली.

बाबा गेले. तेरावं झाल्यावर माय बाबांच्या मागावर जाऊन बसली. सकाळपासून दुपारपर्यंत तिची खटपट चालली होती, पण हातभरसुद्धा कापड निघालं नाही. मग तिनं मला हाक मारली.

"मले धागाच दिसत नाई, पोरी."