पाटीवरची श्रीमती

देवळीतल्या एका धडधाकट कापड दुकानदाराला मी एकदा रंगाच्या ब्रशनं मारलं. हेतू चांगला होता.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी शाळेत मास्तर. अक्षर बरं म्हणून गावातल्या पाट्या रंगवायचो, आणि अक्षर बरं असलं की अक्कलही बरी असते असा माझा समज होता. हा दुकानदार तरुणपणी नेपाळात नोकरीला होता, तिथून त्यानं बायको आणली. आणली आणि ठेवून दिली. दुकानात जाताना घराला बाहेरून कुलूप. ती बोलली की गिऱ्हाइकांसमोर तिच्या बोलण्याची नक्कल. खिडकीतून भाजीवालीशी बोलत ती मराठी शिकली, म्हणून तिची मराठीही भाजीवालीसारखीच खणखणीत झाली. आठ वर्षांनी एका दुपारी कुलूप लावायचं राहिलं, तेव्हा ती विणायच्या सुया घेऊन निघाली. बस स्टँडमागे खोली घेतली आणि म्हणाली, स्वेटर विणायला शिकवीन. वर्ध्याच्या उन्हात स्वेटर! मी हसलो. माझ्या बायकोनं सगळ्यांत आधी नाव घातलं.

पाटी माझ्याकडे आली. नावाआधी काय लिहावं? 'कुमारी' चालेना. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईला 'सौ.' लिहिणं बरं वाटेना. मग डोकं लढवून मी 'श्रीमती' लिहिलं. तिला फार आवडलं. आपल्याकडे तो शब्द विधवेला लावतात हे तिला ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मी वेलांटीच्या वळणात गुंग होतो.

बाजाराच्या दिवशी आष्टीहून नवऱ्याचा मावसभाऊ आला. त्यानं पाटी वाचली आणि रडतच दुकानात शिरला. मयत इसम लट्ठा मोजत होता.

दुकानदारानं मला शाळेतून उचललं ते थेट तिच्या खोलीवर. आत सहा बाया विणत बसलेल्या, त्यांत माझीही.

"मास्तर, मी मेलो कवा?"

"तसं नाही हो..."

"'सौ.' लिहा अन् माझं नाव टाका, नाई तं पाटी उतरवा. अन् तू घरी चाल. लय झाला तमाशा."

सुया थांबल्या. बाया घाबरून उठल्या असत्या तर वर्ग संपला असता, वर्गाबरोबर खोली, आणि पुन्हा तेच घर.

तिनं मला विचारलं, "मास्टरजी, हमारे यहाँ तो बीवी को ही श्रीमती बोलते हैं. इथं काय?"

मी सांगितलं. नवरा असेल तर सौ., नसेल तर श्रीमती.

"अन् यांच्या नावाआधी काय लिहिता?"

"श्री."

"बायको मेली तं?"

"तरी श्रीच."

ती उठली, रॉकेलचा बोळा घेऊन बाहेर गेली आणि 'श्रीमती' पुसून आली. नवऱ्याला म्हणाली, "घ्या, तुमी जिवंत. पण मी येत नाई. माझ्या बापानं ठेवलेलं नाव हाये, तेवढं पुरे पाटीले. बसत असान तं बसा, लोकर धराले माणूस पायजेच."

बाया खो खो हसल्या, एकही उठली नाही. तो निघाला तर पायात लोकर अडकली. ती सोडवता सोडवता त्याचा निम्मा राग तिथंच गेला. पुन्हा काही तो आला नाही.

घरी येताना मी बायकोला म्हटलं, "माझ्या स्वेटरचं कुठवर आलं?"

"वर्ग बंद पडन म्हून तुमच्याची घाई करून राह्यली होती," ती म्हणाली. "आता घाई नाई. आता ते उसवतो, अन् आधी माझं विणतो."