भरल्या पोटाचे कावळे

आमच्या गावाला तळं आहे, हे आम्ही पाहुण्यांना लय अभिमानानं सांगतो. दाखवायला मात्र कुणाला नेत नाही. नेऊन दाखवणार काय, कपाळ? एका बाजूनं गटार सोडलंय, मधे जलपर्णी माजलीय आणि घाटाला लागूनच मंगल कार्यालयाच्या खरकट्याचा ढीग. गणपती तिथंच, पत्रावळ्या तिथंच आणि माणूस गेलं की त्याची रक्षाही तिथंच. मला त्या पाण्याची किळस येते. ते नासवून वर तळ्याची आरती करणाऱ्यांची त्याहून जास्त येते.

वडील गेले, त्याच्या तिसऱ्या दिवशी आम्ही त्याच घाटावर होतो. रक्षा पाण्यात सोडली, नैवेद्य मांडला आणि कावळ्याची वाट बघत बसलो. आमच्याकडं कावळा शिवल्याशिवाय कुणी उठत नाही. नाही शिवला, तर गेलेल्याचं मन कशात तरी अडकलंय म्हणतात. नैवेद्यात आईनं भरलं वांगं केलं होतं. गेले त्या सकाळी त्यांनी तेच मागितलं होतं आणि ती म्हणाली होती, "उद्या करते." संध्याकाळी सगळं संपलं. तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

कावळा काही येईना. "म्हातारीला अंतर देणार न्हाई," भावकीतलं कुणी म्हणालं. तरी येईना. आई पुटपुटत होती, "माझ्यापाशीच अडकलंय त्यांचं मन." आणि मला तर समोर दिसत होतं. गावातले सगळे कावळे त्या ढिगावर आदल्या दिवशीच्या लग्नातली जिलेबी हाणत होते. ते कशाला इकडं मरायला येतायत?

मग कार्यालयाचा मालक उठला. याच ढिगावरून वडील त्याच्याशी वर्षानुवर्षं भांडले होते, आणि थोड्या वेळापूर्वी त्यानंच त्यांच्यावर लांबलचक श्रद्धांजली ठोकली होती. नैवेद्यापुढं हात जोडून वडिलांना म्हणाला, "आवं अण्णा, उद्यापासनं तळ्याकाठी एक शीत पडणार न्हाई. माझा शब्द हाय."

माझं टाळकंच सरकलं. पदर खोचला, सरळ त्या राड्यात शिरले आणि कावळ्यांना दगड मारत सुटले. चपलेत काहीतरी आंबूस, गिळगिळीत शिरलं. पोरगी दुःखानं बिथरली, असं मागं कुणीतरी म्हणालं. कावळे उडाले आणि त्यातला एक नैवेद्यापाशी उतरला. वांग्याला चोच लावली आणि गेला. शिवला, शिवला म्हणत लोक कपडे झटकून उठले.

आईची नजर पानावरून हललीच नव्हती. तिनं त्या मालकापुढं हात जोडले. "तुमच्या शब्दासाठी थांबलं हुतं त्यांचं मन. मी उगंच जिवाला खात हुते." कावळे मी उडवले म्हणून तो आला, हे अगदी जिभेवर आलं होतं. पण त्या दिवशी ती पोटभर जेवली, म्हणून मी गप्प बसले.

बारावं उरकल्यावर तिला दवाखान्यात घेऊन निघाले. रिक्षा तळ्यावरून चालली होती. कार्यालयाची ट्रॉली काठावर रिकामी होत होती. आईनं रिक्षा थांबवायला लावली.

"मग त्या दिवशी कशासाठी शिवला गं?"

"तुझ्या वांग्यासाठी," मी म्हणाले.

ढिगावर कावळे तुटून पडले होते. आई बघत राहिली.

"पण खाल्लं न्हाई त्यानं," ती म्हणाली. "नुसती चोच लावली."