बशी की ताट

शेतात पाय टाकण्याआधी नाथाआबा कमरेचा पट्टा काढून बांधावर ठेवत. विजार नाडीनं बांधत. मोबाइल डब्यात, घड्याळ डब्यात. चालताना मान कायम खाली. देवळात गेले तरी आधी फरशी बघत. यंत्र वाजलं की जमिनीला “व्हय, व्हय” म्हणत, जणू आतून कुणी हाक मारली आहे. सापडलेला खिळा फेकत नसत, घरी जाताना खिशात टाकत. त्यामुळं त्यांच्या प्रत्येक विजारीचा उजवा खिसा फाटलेला असे.

देवदत्तनं हे रोज पाहिलं होतं. तो मूळचा सांगलीचा. आटपाडीच्या कॉलेजात मराठी शिकवायला आला आणि जवळच्या गावात आबांच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहिला. आबा फौजेत सुरुंग शोधायचे. गावी परतल्यावर त्यांनी धातू शोधायचं स्वतःचं यंत्र आणलं. कुणाचं जोडवं, कुणाचा नांगराचा फाळ, असं हरवलेलं शोधून द्यायचे.

पारावरची माणसं विचारत, “फौजी, घावला का हंडा?”

“घावला की. बूड न्हाई त्याला. तुमचाच असंल.”

त्यांना शोधायचं होतं ते वेगळंच. बहात्तरच्या दुष्काळात आबा अंगावर पीत होते. आईबाप मेंढरं घेऊन साताऱ्याकडं निघाले. निघताना आईनं देव्हाऱ्यातले टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेले देव, घरामागच्या बाभळीखाली पुरले. पुढं शिरवळच्या माळावर ताप येऊन ती गेली. बाप परतला तेव्हा बाभळ कुणीतरी मुळासकट तोडून नेली होती. जागा हरवली. तेव्हापासून देव्हाऱ्यात सुपाऱ्या मांडलेल्या. घरातल्या लग्नांची हळद त्या सुपाऱ्यांनाच लागली.

आबांनी ती जागा कितीदा तरी पालथी घातली होती. पण कालव्याचं पाणी आल्यावर तळ्यातला गाळ आणून तिथं पसरला होता आणि डाळिंब लावलं होतं. देव आणखी खोल गेले होते. यंत्राच्या दांड्याला खाली बशीएवढी कॉइल होती. तिला हातभर खोलीपलीकडचं ऐकू येत नसे. म्हणून मोठी कॉइल आणायला आबा देवदत्तला घेऊन कराडला गेले.

दुकानदार अमृतशेठनं ताटाएवढी कॉइल पुढं ठेवली. “ही खोल जाईल. पण बारीक वस्तू सोडून देईल. पुरलंय कशात? फडक्यात सुटे टाक असतील तर ही त्यांच्यावरनं जाईल आणि गप्प राहील. मोठं भांडं असेल तर बोलेल.”

आबांनी तिथूनच विट्याला बहिणीला फोन लावला. भामाबाई त्यांच्याहून नऊ वर्षांनी थोरल्या.

“आक्का, आईनं देव फडक्यात पुरलं का घागरीत?”

“घागर कवाच इकलीवती. तांब्यात घातलं. मीच माती लोटली की वरनं. तोंड मेणानं बुजवलंवतं आईनं. अंगठ्यानं दाबायची आन् रडायची.”

“हे कवा सांगितलं न्हाईस.”

“तू कवा इचारलंस?”

आबांनी फोन ठेवून तांब्याचं सांगितलं. अमृतशेठ म्हणाला, “तांब्या म्हणजे अधलंमधलंच झालं. फुटून देव विखुरले असतील तर ताटाचा उपयोग नाही, फौजी. बघा.”

“आईनं दाबलंय,” आबा म्हणाले. “फुटलं नसंल. ताट द्या.”

परतताना एसटीत आबा खिडकीकडं बघत म्हणाले, “देवाचं सुपारीवर भागतंय, मास्तर. माझं भागत न्हाई. आईचा फोटू बी न्हाई आमच्यात. तेवढं मेण बघायचंय. बोट उठलं असंल त्यात.”



दुसऱ्या दिवशी आबांनी घरातला तांब्या गाळात पुरून कॉइल वर फिरवली. कुठल्या खोलीला आवाज कसा येतो ते कानात साठवत राहिले. बायको, अनसूयाकाकू, दारातून ओरडल्या, “आवं, पावण्याला पाणी वंजळीत देऊ का? त्यो तांब्या काढा आधी!” आबा हसले. तांब्या आणखी वीतभर खाली पुरला.

ताट जड होतं. डाळिंबाच्या खोडांत अडकायचं. खांदा भरून यायचा. आबा दांड्याला जुना टॉवेल गुंडाळत आणि ओळीमागून ओळ पुढं सरकत.

रविवारी सकाळी यंत्र घोगऱ्या आवाजात बोललं. आबांनी ताट मागं नेलं, पुढं आणलं, आडवं फिरवलं. आवाज तिथंच. या वेळी ते “व्हय, व्हय” म्हणाले नाहीत. बाभळीची खुंटी ठोकली. तिच्याभोवती खुरप्याच्या टोकानं रिंगण काढलं.

देवदत्तनं कुदळ उचलली.

“थांबा, मास्तर. आक्काला येऊ द्या. तिनं लोटल्याली माती हाय. तिनंच काढावी.”

भामाबाई विट्याहून दुपारच्या गाडीनं निघाल्या. आबा जेवले आणि लिंबाखाली आडवे झाले. गाडी आली तेव्हा अनसूयाकाकू त्यांना उठवायला गेल्या. ते उठले नाहीत.

आबांची माती झाली. माणसं पांगली. देवदत्तला घरात बसवेना. तो कुदळ घेऊन डाळिंबात गेला. खुंटीजवळ भामाबाई बसल्या होत्या.

“आक्का, मी उकरतो. तुम्ही फक्त बघा.”

“नगं, लेका. सुतक हाय. सुतकात देवाला हात लावत न्हाईत.”

“पण मेण तरी...”

“आईचंच हाय ते. पर देवाच्या तोंडाशी हाय.” त्यांनी पदरानं तोंड पुसलं. “त्येला म्हणलंवतं मी फोनवर, तू कर सुरू, मी येती. न्हाई म्हणाला. थांबला माझ्यासाठनं.”

देवदत्तनं कुदळ खाली ठेवली. मोठी कॉइल बांधावर उताणी पडली होती. टॉवेल दांड्याला तसाच गुंडाळलेला. पट्टा आणि डबाही तिथंच होता. खुंटीभोवतीचं रिंगण स्पष्ट दिसत होतं. आतल्या मातीला खुरपं लागलेलं नव्हतं.