तळ्यात पाणी आणणारे वाघमोडे सर

श्री. भानुदास वाघमोडे सरांची आणि माझी पहिली भेट झाली, ती मी त्यांच्याशी भांडायला गेले तेव्हा. सरांच्या या गौरवग्रंथात इतरांनी आपापल्या पहिल्या भेटीबद्दल ‘प्रसन्न व्यक्तिमत्त्व’, ‘ऋषितुल्य चेहरा’ असे काहीबाही लिहिले असेलच. मला त्या दिवशी तसे काही दिसले नाही. सर स्टुलावर बसून जुन्या टूथब्रशने एका संगणकाच्या पोटातली धूळ झाडत होते. मी दारात उभी राहून दोनदा खाकरले, तरी त्यांनी मान वर केली नाही.

माझी तक्रार साधी होती. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तीन महिने घरात बसून मी भिंतींशीही भांडू लागले, तेव्हा शेजारच्या शकीला आपांनी सरांच्या संगणक खोलीतून एक जुना संगणक मला आणून दिला. आपा मूळच्या खुलताबादच्या. शिवणकाम करतात, आणि त्या संगणकावरच्या होड्यांच्या शर्यतीत त्यांना आमच्या वसाहतीत आजवर कोणी हरवलेले नाही. निळ्याशार तळ्यात नाव हाकायची, वळणावर समोरच्याला काठाकडे दाबायचे, असा तो खेळ. मला तो फार मानवला. मग एके दिवशी संगणकाने मला न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतले, आणि तळ्यातले पाणी गेले. काठावरची झाडे होती, नावा होत्या, पण तळे कोरडे ठक्क, आणि नावा तपकिरी मातीवरून सुसाट धावत होत्या.

ते दिवस कोणते होते, हे गारखेड्यात तेव्हा राहणाऱ्यांना सांगायला नको. जायकवाडी धरणाचा मृतसाठा उपसणे चालू होते. आमच्या नळाला नवव्या दिवशी पाणी येई, तेही वीस मिनिटे. त्याच वेळी बायपासच्या पलीकडे, जिथे काल ज्वारी होती तिथे, उंच इमारती उठत होत्या आणि त्यांच्या फलकांवर पोहण्याचे तलाव रंगवलेले होते. नळाबद्दल मी संबंधित कार्यालयाला सतरा पत्रे लिहिली होती. एकाचेही उत्तर नव्हते. अशा काळात निदान खेळातल्या तळ्याने तरी मला साथ द्यायला हवी होती.

“तुमच्या संगणकातले पाणी गेले आहे,” मी दारातून म्हणाले.

सरांचा ब्रश थांबला नाही. “कवापासून?”

“कालपासून.”

“नावा पळतात?”

“पळतात. मातीवरून.”

“मग चित्राचं कार्ड जितं आहे,” सर म्हणाले आणि पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. “बसा मॅडम. गुडघा दुखत असंल.”

माझा गुडघा दुखत होता. पण मी भांडायला आले होते, म्हणून उभीच राहिले. सरांनी स्टूल रिकामे केले, पायाने माझ्याकडे सरकवले आणि स्वतः जमिनीवर बसून पुढचे काम सुरू केले. जमिनीवर बसलेल्या माणसाशी उभ्याने भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी समजले.

सर वैजापूर तालुक्यातले, मेंढपाळ घरातले. बालपण मेंढरांमागे गेले. पुढे ते तंत्रशाळेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे शिक्षक झाले आणि निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या समाजमंदिराच्या मागच्या खोलीत हा उद्योग मांडला. शहर वाढत होते. एक कार्यालय काचेच्या नव्या इमारतीत गेले आणि त्याने अकरा संगणक भंगारात काढले. सरांनी ते उचलून आणले. विकतच्या नव्या प्रणालीचा भार त्या यंत्रांना पेलवत नव्हता, म्हणून त्यांनी सगळ्यांवर लिनक्स बसवले. ही कोणा एकाच्या मालकीची नसलेली प्रणाली. ती फुकट मिळते आणि तिच्यात काय चालले आहे, हे कोणालाही उघडून पाहता येते, दुरुस्त करता येते. अकराच्या अकरा संगणकांत पडद्यावर चित्रे उमटवणारे एकाच जातीचे ग्राफिक कार्ड होते. ‘म्हाताऱ्यांना कसले खेळ शिकवता’ असे वसाहतीच्या समितीने विचारले, तेव्हा सर म्हणाले होते, “पत्र टायपायला कार्डाला घाम येत नाय. खेळ नीट चालला, म्हंजे समदं नीट चाललं.”

पाणी का गेले, ते त्यांनी मला पाच मिनिटांत सांगितले. प्रणाली आणि कार्ड यांच्यात बोलणे करून देणारा एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. नव्या आवृत्तीत तो पाण्याबद्दलचे काही तरी विसरला होता.

“मग दुरुस्त करा,” मी म्हणाले.

“मी नाय करत. ज्यांनी लिवलाय ते करतील. तुम्ही तक्रार लिवा. तुमचं इंग्रजी कॉन्व्हेंटातलं आहे, असं आपा म्हणत व्हत्या.”

मी टेलिफोन खात्यात तीस वर्षे लोकांच्या तक्रारी ऐकल्या आहेत आणि निवृत्तीनंतरचा काळ स्वतःच्या तक्रारी लिहिण्यात घालवला आहे. या कामाला माझ्यासारखी व्यक्ती मिळणार नाही, अशी माझी खात्री होती. त्याच दुपारी मी दोन पाने लिहिली. सरांनी ती शांतपणे वाचली.

“मॅडम, हे ‘बेजबाबदार’, ‘निष्काळजी’ आन् ‘लाजिरवाणं’ काढलं, तर मजकूर कमी व्हतो का?”

“जोर कमी होतो.”

“जोर त्यांना नकोय. कार्डाचा नंबर पायजे.”

त्यांनी मला चारच गोष्टी लिहायला लावल्या: यंत्र कोणते, काय केले, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले. दोन पानांच्या सात ओळी झाल्या. सिस्टरांनी शिकवलेला एकही वाक्प्रयोग उरला नाही. मी रागाने पत्र पाठवून दिले आणि सरांना सांगून टाकले, की अशा मिळमिळीत पत्राला कुत्रेही उत्तर देणार नाही.

दुसऱ्या दिवशी उत्तर आले. कुठल्याशा थंड देशातल्या, हा ड्रायव्हर सांभाळणाऱ्या गृहस्थांनी माझे आभार मानले होते. सतरा पत्रे बिनउत्तराची असलेल्या बाईला त्या उत्तराने काय झाले, ते मी इथे लिहिणार नाही. पुढची ओळ मात्र वाईट होती. हे कार्ड फार जुने आहे, ते अजून कोणी वापरते हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि पुढच्या आवृत्तीतून त्याचा ड्रायव्हर काढून टाकायचे ठरत होते. कोणत्या बदलाने पाणी गेले ते कोणी शोधून दिले आणि यापुढे खऱ्या कार्डावर तपासत राहण्याची हमी दिली, तरच तो राहील.

म्हणजे प्रश्न एका तळ्याचा राहिला नव्हता. ड्रायव्हर गेला, की अकराही संगणक नव्या आवृत्तीत निकामी. आणि समितीचा त्या खोलीवर व्यायामशाळेसाठी डोळा होता. संगणक बंद पडण्याचीच ती मंडळी वाट पाहत होती.

“एवढ्या जुन्या कार्डासाठी कोण थांबणार?” मी म्हणाले. “तुमच्या मेंढरांत एखादी लंगडी मेंढी मागे पडली, तर तुम्ही काय करायचात?” मला काही तरी उदात्त ऐकायचे होते.

“बाजारात विकायचो,” सर म्हणाले. “पण ह्याला गिऱ्हाईक नाय. तपासावंच लागंल.”

शोधण्याची रीत अशी. गेल्या वर्षीच्या आवृत्तीत पाणी होते, आताच्या आवृत्तीत नव्हते. मधे शेकडो बदल झालेले. त्यातला बरोबर मधला घ्यायचा, तिथवरचा ड्रायव्हर बांधायचा, म्हणजे मूळ मजकुरापासून नव्याने तयार करायचा, आणि पाणी दिसते का पाहायचे. दिसले, तर दोष पुढच्या अर्ध्यात, नाही तर मागच्या. मग त्या अर्ध्याचा अर्धा. एकेक ड्रायव्हर बांधायला त्या म्हाताऱ्या यंत्राला अख्खा दिवस लागे, मधे वीज गेली तर दोन. एप्रिलचे ऊन, कार्ड तापायचे. खोलीत कूलर होता, पण सरांनी त्यात तांब्याभरही पाणी घालू दिले नाही. म्हणून तपासणी सकाळी सहाला. आपा नाव हाकत, सर पडद्याजवळ डोळे नेऊन बघत, आणि वहीत लिहिण्याचे काम माझ्याकडे. ‘पाणी नाही.’ ‘पाणी नाही.’ ‘पाणी आहे.’

सरांच्या सचोटीबद्दल इतर लेखकांनी लिहिलेच असेल. मला ती कशी कळली, ते सांगते. पाचव्या खेपेला सर बाहेर गेले होते. तळ्यात मला किंचित निळसर झाक दिसली आणि मी ‘पाणी आहे’ लिहिले. त्यानंतरच्या चारही खेपांत तळे कोरडेच निघाले, तेव्हा सरांना शंका आली. सरांनी पाचवी खेप स्वतः पुन्हा केली. तळे कोरडे होते.

“मॅडम, तुम्हाला पाणी दिसलं, का पायजे व्हतं?”

मी वही माझ्याकडे ओढली.

“त्या नळाच्या हापिसातबी असंच लिवत असतील वहीत,” सर म्हणाले. “पाणी दिलं म्हणून.”

इतके लागट मला कोणी बोललेले नाही, आणि ते शब्दही सरांनी आवाज न चढवता उच्चारले. मी ती नोंद आणि पुढच्या चारही खोडल्या. आम्ही पाचव्यापासून पुन्हा सुरुवात केली.

शेवटी तो बदल सापडला. एक ओळ होती. आम्ही ती कळवली. त्या गृहस्थांनी सुधारलेला ड्रायव्हर पाठवला आणि सरांनी तो बांधून ठेवला. शनिवारी सकाळी आम्ही पंधरा-वीस जण खोलीत जमलो. समितीचे दोन सदस्यही, कदाचित मोजमाप घ्यायला, आले होते. आपांनी नाव काठाला लावली, आणि नेमका तेव्हाच गल्लीत टँकरचा भोंगा वाजला.

कोणी हलेना. सर उठले आणि त्यांनी संगणकाचा पडदाच बंद केला. “तळं थांबतं, टँकर नाय थांबत. जा आधी.”

मी रांगेत हंडा घेऊन उभी होते. काठीवर भार देऊन हंडा कसा उचलायचा, याचा विचार चालला होता. सर आले, माझ्या हातातून हंडा घेतला, भरला, आणि माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. तोवर त्यांच्या स्वतःच्या ड्रमपाशी टँकर आटला. मी तसे म्हणाले, तर ते म्हणाले, “माझ्याकडं कालचं आहे.” नव्हते. आपांनी नंतर त्यांच्याकडे दोन कळशा पोचवल्या, तेव्हा ते उघड झाले. वहीत खरे लिहिण्याबद्दल मला सुनावणारे सर खोटे बोलले, ते तेवढ्या एका वेळी.

ओल्या पदरांनी आम्ही परत खोलीत बसलो. सरांनी पडदा पुन्हा सुरू केला. आपांनी नाव सोडली, आणि तळे भरलेले होते, काठोकाठ. पंधरा-वीस माणसे नुसती पाण्याकडे बघत होती. मग आपा हळूच म्हणाल्या, “देखो मॅडम, झाडां का अक्स भी पड रा.” पाण्यात खरेच झाडांचे प्रतिबिंब पडले होते. समितीचे सदस्य बराच वेळ उभे होते. जाताना त्यातल्या एकांनी खेळ कोणत्या वेळात शिकवता, असे विचारले. व्यायामशाळा पुढे दुसरीकडे झाली.

अशा दुरुस्तीच्या नोंदीत, दोष कोणी कळवला आणि कोणी तपासला, त्यांची नावे लिहिण्याची या लोकांत पद्धत आहे. सरांनी कळवणारी म्हणून माझे नाव दिले आणि तपासणाऱ्याची जागा रिकामी सोडली. मी ती भरली. त्यांना न विचारता, पूर्ण नावाने. जगात कोणीही ती नोंद उघडू शकतो. त्यात वैजापूर तालुक्यातले श्री. भानुदास वाघमोडे आहेत.

त्यानंतर मी नळाबद्दलचे अठरावे पत्र सरांच्या रीतीने लिहिले. कोणती गल्ली, कोणत्या दिवशी, किती वेळ पाणी यायला हवे, किती वेळ येते. एकही विशेषण नाही. आठवड्याने एक अभियंते ते पत्र हातात घेऊन आले आणि वळणावरचा अर्धा बंद राहिलेला व्हॉल्व्ह उघडून गेले. पाणी नवव्या दिवशीच येत राहिले, पण तासभर. मी अभियंत्यांना विचारले, आधीच्या सतरा पत्रांचे काय झाले? ते म्हणाले, “वाचली होती मॅडम. पण त्यात गल्लीचं नाव नव्हतं.” हे मी सरांना आजवर सांगितलेले नाही.

आता शुभेच्छा. सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्या थंड देशातल्या गृहस्थांशी झालेला करार अजून चालू आहे: भारतातले हे सद्गृहस्थ प्रत्येक नवी आवृत्ती खऱ्या कार्डावर तपासत आहेत, तोवर ड्रायव्हर राहील. त्यामुळे सरांचे आरोग्य ही केवळ त्यांच्या घरची बाब नाही. त्यांनी गोड कमी खावे, सकाळी चालावे आणि स्टुलावर चढून पंखा पुसू नये.

गेले वर्षभर सर दर शनिवारी मला ती तपासणी शिकवत आहेत. “उद्या मी नसलो तर खोली चालाया पायजे,” असे म्हणतात. मी दर शनिवारी काही तरी चुकवते. कधी नंबर उलटा लिहिते, कधी चुकीची आवृत्ती उघडते. सर न रागावता पुन्हा पहिल्यापासून सांगतात, आणि ‘अजून दोन-तीन वर्षं लागतील तुम्हाला’ म्हणून निःश्वास टाकतात.

मला ती तपासणी पहिल्याच शनिवारी आली होती. आपांना ते ठाऊक आहे. हा ग्रंथ छापून सरांच्या हाती पडेल, तेव्हा त्यांनाही कळेल. सर, वाचलेत ना? वहीत खोटे लिहिल्याबद्दल हवे ते बोला. पण शनिवारी सहाला या. मला अजून काही येत नाही, आणि पुढची पंचवीस वर्षे येणार नाही.