नवसाचा पहिला रोडगा

मी गहू खात नाही. ज्वारी नाही, भात नाही, तुरीचं वरण नाही, दूध नाही, साखर नाही. हे वाचून ज्यांना माझी कीव आली असेल त्यांनी ती स्वतःजवळच ठेवावी, म्हातारपणी कामाला येईल. मी मटण खातो, गावरान कोंबडी खातो, अंडी, धरणातले मासे, वांगी, रताळी, बोरं, सीताफळं खातो, आणि रानात उगवणारा असा एकही पाला नाही जो मी चाखलेला नाही. आमच्या नेर तालुक्यातल्या बकऱ्या मला शेताच्या धुऱ्यावर पाहिलं की तोंड फिरवतात. वाटेकरी आला म्हणून.

याला शहरात पॅलिओ म्हणतात. माणूस शेती करायला लागायच्या आधी जे खात होता तेवढंच खायचं. आता ज्या गावात शेतीशिवाय दुसरं काही पिकत नाही, त्या गावात हे सांगणं म्हणजे देवळात उभं राहून देव नाही म्हणण्यासारखं. मी ते भोंग्यावरून सांगितलं. कारण भोंगा हाच माझा धंदा. लग्न, सप्ताह, मिरवणूक, मयतीची खबर, सगळ्याला माझाच माइक. मी नुसता खाकरलो तरी फुलसावंगीची कुत्री उठून बसतात, आणि फुलसावंगी इथून अख्खा जिल्हा ओलांडून आहे.

तर दुखणं असं होतं. दोन पोळ्या खाल्ल्या की पोट असं फुगायचं की मांडवात आधी पोट पोचायचं आणि मागून पंधरा मिनिटांनी मी. आतून आवाज असे यायचे की लोक म्हणायचे, "अबे, तुहा स्पीकर फाटला वाटते." स्पीकर नवा होता. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी सहा वेळा नाल्याकडे पळालो. बायको म्हणते, चार वेळा. असो, मंगलाष्टकं तरी आठच असतात. अंगावर पुरळ उठायचं, आणि तेही कसं, तर पाठीवर पूर्ण जिल्ह्याचा नकाशा. वर नेर, मध्ये यवतमाळ, उजवीकडे राळेगाव, आणि सगळ्यात खाजरी ती फुलसावंगी, कमरेखाली, जिथे चारचौघांत हात नेता येत नाही.

माय रोज कडुलिंबाच्या पाण्यात फडकं भिजवून तो नकाशा पुसायची. पुसला जायचा नाही. गोळ्या झाल्या, काढे झाले, मग एके दिवशी ती गावाबाहेरच्या मारुतीपुढे जाऊन बोलून आली, "माह्या लेकराले बरं कर, तुह्या पारावर साऱ्या गावाले रोडगे चारतो."

आमच्याकडचा रोडग्यांचा नवस बाहेरच्यांना सांगावा लागतो. जाडसर कणकेचे मुठीएवढे गोळे, गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे, राख झटकायची, फोडून तूप ओतायचं, वर वरण आणि वांग्याची भाजी. सगळं गाव पंगतीला बसतं. पण एक कायदा आहे. ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं पहिला रोडगा देवापुढे खायचा, पूर्ण. तो संपेपर्यंत पंगतीतल्या कोणाचाही हात पत्रावळीला लागत नाही. आणि त्यानं नाही खाल्ला तर नवस फिटत नाही. देव दिलेलं परत घेतो, आणि दुखणं दुप्पट करून देतो.

नवस बोलून दोन महिने झाले आणि यवतमाळच्या डॉक्टरनं रक्त तपासून सांगितलं की तुमच्या आतड्याचं आणि गव्हाचं हाडवैर आहे, दुधाशीही पटत नाही. माझी मुलगी तेव्हा नागपूरला आहारशास्त्र शिकत होती. तिनं फोनवरून फर्मान काढलं, "बाबा, नुसता गहू नाही, धान्य-डाळी-साखर सगळं बंद करून पाहू. आणि चोरून खाल्लं तर मले आईकडून समजते." तिला समजायचं. पहिल्या आठवड्यात मला स्वप्नात पोळ्या यायच्या, पदर घेतलेल्या, मान खाली घालून बसलेल्या. दुसऱ्या आठवड्यात मी उपाशी पोटी बाभळीकडे पाहून विचार केला की हिची साल कशी लागत असेल. तिसऱ्या आठवड्यात पोट गप्प झालं. इतकं गप्प की मी घाबरून त्याला हात लावून पाहिला. चार महिन्यांत पाठीवरून तालुक्यामागून तालुका उठून गेला. वीस किलो वजन उतरलं. बायको म्हणते सात. तिचा काटा दुकानातला आहे, माझा अनुभवाचा.

मध्ये एकदाच घसरलो. राळेगावला लग्न होतं. नवरदेवाची आजी पुरी घेऊन आली, "परसाद आहे बाप्पा, परसाद बाधत नाही." अर्धी पुरी खाल्ली. पुढचे चार दिवस मी संडासातून धंदा चालवला. तेव्हा ठरवलं की आता देव आला तरी नाही.

तर देवच आला.

"पाठ साफ झाली," माय म्हणाली. "आता रोडगे देऊन टाकू. पोर्णिमेले."

"देऊ नं. साऱ्या गावाले देऊ. पण पहिला रोडगा मी खाणार नाही, माय."

"एक घास खाय."

"पूर्ण खा लागते, अन् मी घासही खाणार नाही."

"अरे, देव आहे तो, हाटेलवाला नाही. त्याले काय सांगू, माह्या पोराले चालत नाही म्हणून दुसरं काही आण?"

मग तिनं माझा सदरा मागून वर केला आणि पाठीवरून हात फिरवला, जिथे नकाशा होता तिथे. आता तिथे नुसती पाठ होती. बराच वेळ फिरवत राहिली.

"हे वापस आलं त?" ती म्हणाली. "मी किती दिवस पुसीन आता? माह्या हातात जोर नाही राह्यला."

माझी वाचा आयुष्यात दोनदा बसली आहे. एकदा लग्नात हार घालताना आणि एकदा तेव्हा. मी एवढंच म्हणालो, "पाहू." ती त्याला हो समजली. मला कळत होतं की ती हो समजली, आणि मी तिला तसं समजू दिलं. हा माझा गुन्हा. बाकीचे मी कबूल करत नाही.

दुसरं संकट म्हणजे मोठे बाबा, माझ्या बापाचे थोरले भाऊ. त्या पाराचे सगळे कायदे त्यांच्या तोंडून निघतात. ते ओसरीवर येऊन बसले, मिशीला पीळ दिला.

"काय बे आदिमानव, आज काय खाल्लं? गोटे?"

"ऑम्लेट अन् रानातल्या तरोट्याची भाजी, मोठे बाबा."

"आपले बापजादे गहू-ज्वारी खाऊन शंभर वर्षं जगले."

"कोणते? तुमचा भाऊ त साठीच्या आत गेला."

"तो तंबाखूनं गेला. गव्हानं नाही गेला." मग काठी आपटली. "हे पाय, पोर्णिमेले नाटकं करशीन त खपवून नाही घेणार. नवस म्हणजे नवस. सांग तुह्या मायले."

माय चार हातांवर, दाराआडच उभी होती. पण मोठे बाबा तिचे भासरे. नवऱ्याच्या थोरल्या भावाशी बाईनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत, आणि मायनं ती पन्नास वर्षं पाळलेली. एकदा त्यांच्या धोतरापाशी विंचू होता, तरी ती म्हणाली, "अरे, कोणीतरी सांगा त्याह्यले, विंचू आहे." घरात दुसरं कोणीच नव्हतं. विंचवानंच ऐकलं आणि निघून गेला.

आताही ती दाराला म्हणाली, "सांग, पोरगं खाईन म्हणा."

पौर्णिमेला गाव जमलं. गोवऱ्यांचा ढीग इतका मोठा की धूर पाहून नेरची बस थांबली, असं मी सांगतो. बस तिथे तशीही थांबते. मी कडुलिंबावर दोन भोंगे बांधले, आणि विस्तवाच्या एका कोपऱ्यात, रोडग्यांपासून हातभर लांब, माझी चार वांगी आणि सहा रताळी पुरून ठेवली. मायनं ते पाहिलं. पदर पुढे ओढून बायकांमध्ये जाऊन बसली.

पत्रावळी पडल्या, वरण वाढलं, भाजी वाढली. मोठ्या बाबांनी विस्तवातून पहिला रोडगा काढला, राख झटकली, फोडला, त्यावर तुपाची अशी धार सोडली की वास पोटात जाऊन बसला. खोटं कशाला बोलू, तोंडाला पाणी सुटलं. मी आजपर्यंत पुष्कळ गोष्टी वाढवून सांगितल्या, पण त्या वासाची गोष्ट मला वाढवता येत नाही.

"घे," मोठे बाबा म्हणाले. "देवाचं नाव घे अन् खाय."

मी रोडगा घेतला नाही, माइक घेतला.

"मंडळी," मी म्हणालो, "जेवण गावासाठी आहे, पोटभर जेवा. मारुतीले माहा दंडवत. पण मी हा रोडगा खाणार नाही. ह्या गव्हानंच मले आडवं पाडलं होतं. ज्याच्यापासून सुटलो त्याचीच फोड देवाच्या पुढं तोंडात घालणार नाही. देवाले राग आला त तो मले सांगीन. माह्या घराचा पत्ता त्याले माहीत आहे."

पंगतीत एक भाजीचं भांडं पडलं. कोणीतरी हसलं, कोणीतरी त्याला गप्प केलं.

"नवस खोटा पडला!" मोठे बाबा ओरडले, आणि तेही भोंग्यातून गेलं, कारण माइक चालूच होता. लोक म्हणतात मी बंद करायला विसरलो. तीस वर्षं माइक चालवतो मी. बंद करायला विसरणारा माणूस या धंद्यात टिकत नाही. "बुढीचा नवस पोट्ट्यानं मातीत घातला! आता भोग! दुप्पट भोग!"

तेव्हा बायकांमधून माय उठली. मला वाटलं, आली, आता कानाखाली वाजवणार. मी गालही पुढे केला. तिनं माझ्या हातातला माइक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला होता, उलटा. मी सरळ करून दिला. ती मारुतीकडे तोंड करून उभी राहिली, म्हणजे मोठ्या बाबांकडे पाठ झाली, आणि पदर कपाळावर होता तसाच राहिला.

"हे पाय मारुत्या," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चारी बाजूंच्या कापसावरून फिरून आला तशी ती दचकली. मग पुन्हा बोलली. "तू माह्या पोराले बरं केलं. कसं केलं? गहू सोडवून केलं. चार लोक म्हणून राह्यले, आता त्याले गहू चार. मी कायले चारू? तूच म्हणशीन, बुढे, मी एवढा खपलो अन् तू एका फोडीत वाटोळं केलं. नवस मी बोलली होती. ज्या तोंडानं बोलली, त्याच तोंडानं फेडतो. अन् ज्याह्यले हे पटत नसन, त्याह्यनं मारुतीले सांगावं, मले कोणी सांगू नोका."

पन्नास वर्षांत पहिल्यांदाच ती भासऱ्यांपुढे एवढं बोलली. त्यांच्याशी एक शब्दही बोलली नाही.

मग मागे वळून तिनं त्यांच्या हातातला रोडगा उचलला आणि पाराच्या पायरीवर बसून खायला लागली.

आता मायला दात तीन. दोन खाली, एक वर, आणि तिघांची एकमेकांशी गाठ पडत नाही. रोडग्याचं कवच म्हणजे छपरावरच्या कवेलूचा तुकडा. पंगत बसलेली, वरण निवायला लागलेलं, तूप थिजलेलं, आणि कायद्यानं कोणाला हात लावता येईना. माइक तिच्या मांडीवर होता. कडुलिंबावरच्या दोन भोंग्यांतून अख्ख्या शिवाराला ऐकू येत होतं, कुर्रर्र. मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा कुर्रर्र. एक जण म्हणाला, "काकू, वरणात कुस्करून घ्या." तिनं मान हलवली. बायकोनं पाणी पुढे केलं. घोटभर प्यायली, पुन्हा चावायला लागली. सूर्य हातभर सरकला. बायको म्हणते, अर्धा तास लागला. मी म्हणतो, त्या वेळात एक बैलजोडी नांगरून घरी गेली.

मोठे बाबा काठीवर हनुवटी टेकून उभे होते. शेवटी तेही खाली बसले, पंगतीत, पत्रावळीपुढे, सगळ्यांसारखी वाट पाहत.

मी विस्तवातून माझी वांगी आणि रताळी काढली, राख फुंकली आणि मायच्या शेजारी पायरीवर पत्रावळ मांडून बसलो. तिचा शेवटचा तुकडा तोंडात गेला तसा पंगतीचा आवाज उठला, वरणाचे भुरके, हसणं, "वाढ रे इकडं, वाढ." वाढणारा रोडग्यांची टोपली घेऊन ओळीनं आला, सवयीनं माझ्यापुढे वाकला, आणि एक रोडगा उचलून माझ्या पत्रावळीवर ठेवणार, तेवढ्यात मायनं, तोंड भरलेलं असल्यानं बोलता येत नव्हतं म्हणून, आपला हात माझ्या पत्रावळीवर आडवा धरला.