समोरच्या खिडकीतून आमचं घर

समोर टॉवर उभा राहिल्यापासून आमच्या मुलुंडच्या घरात मी बाथरूममध्ये साडी नेसत होते. रोज निऱ्या ओल्या. पडदा ओढावा, तर भरदिवसा दिवा लावायचा.

आज सुताराने खिडकीला वर-खाली वेगळ्या झडपा बसवल्या. मुलगा म्हणाला, "आई, खालची बंद ठेव, वरून उजेड येईल. झालं ना!"

"तुला रे काय कळतंय?" म्हटलं आणि तडक टॉवरमध्ये गेले. आमच्याच मजल्यासमोर राहणाऱ्या बाईंची बेल वाजवली, त्यांच्या खिडकीतून आमच्या घरात बघितलं. सून आत उभी राहून दोन्ही हात हलवत होती म्हणे. मला नुसता पंखा दिसला.

घरी येऊन खोलीत, लख्ख उजेडात, कोरड्या लादीवर साडी नेसले. सुटले बाई!

बायांनो, तुमची खिडकी कधी समोरून बघितलीत का?